हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट दोन्हीकडे अपील फेटाळलं. जन्मठेपेची शिक्षा आता कुठलं कोर्ट पुन्हा बघू शकतं?

तुमचा चुलतभाऊ ३०२ (खून) खाली बेळगावच्या हिंडलगा जेलात आहे, धारवाड खंडपीठानं अपील फेटाळलं, दिल्लीत एसएलपीही (सुप्रीम कोर्टाकडे अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज) टिकली नाही, आणि आता एकजण ‘केस परत ओपन करून देतो’ म्हणत पैसे मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला एक रुपयाही देऊ नका. मी बेळगावात फौजदारी वकिली करतो. असली माणसं कोर्टाच्या आवारात नेहमी दिसतात.

धारवाडला पुन्हा जाऊन उपयोग नाही. निकालावर सही झाली की लिहिण्यातली किंवा हिशेबाची चूक सोडून फौजदारी कोर्ट स्वतःचा निकाल बदलू शकत नाही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४०३). सुप्रीम कोर्टाला मात्र घटनेच्या कलम १३७ नुसार स्वतःचा आदेश पुन्हा तपासता येतो. त्यासाठी रिव्ह्यू पिटिशन ३० दिवसांत टाकायची. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटलं पाहिजे. फाशीच्या खटल्यात २०१४ पासून रिव्ह्यू खुल्या कोर्टात ऐकतात. बाकीच्यांत न्यायमूर्ती बहुतेक वेळा दालनात कागद वाचून ठरवतात, वकिलाला बोलायलाही मिळत नाही. ‘साक्षीदार खोटं बोलला’ हे तिथं चालत नाही, आदेशातच उघड दिसणारी चूक लागते. रिव्ह्यूही फेटाळल्यावर करायची शेवटची विनंती, म्हणजे क्युरेटिव्ह पिटिशन, २००२ च्या एका निकालातून आली; तिला ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या केसमध्ये मी तिच्या नादी लागणार नाही.

अपिलं संपल्यावर कोर्ट पुरावा परत तोलत नाही, पण शिक्षा भोगताना काय झालं ते बघतं. हिंडलग्याचंच उदाहरण घ्या. बेंगळुरूच्या उमेश रेड्डीची फाशी २०११ मध्ये कायम झाली, दयेचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती किमान ३० वर्षांच्या जन्मठेपेवर आणली, कारण त्याला इथं कित्येक वर्षं बेकायदा एकांतात ठेवलं होतं. गुन्हा तोच, पुरावाही तोच. कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशीही त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानं रद्द करून जन्मठेप दिली. तिथं दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला झालेला विलंब सरकारला नडला.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. घटनेच्या दिवशी भावाचं वय काय होतं? १८ पूर्ण नसेल तर तो मुद्दा केस संपल्यावरही, कुठल्याही कोर्टात काढता येतो. बाल न्याय कायद्याचं कलम ९ तसं सांगतं. पुण्याच्या १९९४ च्या राठी हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्यावेळी १२ वर्षांचा ठरला आणि मार्च २०२३ मध्ये, २८ वर्षांनी सुटला. तेव्हा शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आधी काढा.

वयाचा मुद्दा नसेल तर उरते शिक्षामाफी. खुनाच्या जन्मठेपेत १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकार तशी सोडत नाही. घर महाराष्ट्रातल्या चंदगडला असो की कर्नाटकातल्या खानापूरला, अर्ज कर्नाटक सरकारकडेच जातो, कारण शिक्षा बेळगावच्या कोर्टानं दिली. सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०२४ च्या बिल्किस बानो निकालात हे स्पष्ट झालंय.

कैद्याला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. भावाला जेल सुपरिंटेंडेंटमार्फत कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायला सांगा. आणि एसएलपी फेटाळल्याची तारीख इथं लिहा. ३० दिवस तिथून मोजतात.