लघवी कमी झाली म्हणजे किडनी संपावर गेली का?

प्रश्न: वडिलांना जुलाब-उलट्या होऊन बीपी एकदम खाली गेलं, दोन दिवस लघवी जेमतेम, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) पण वाढलं. डॉक्टर म्हणाले सेल्सना एनर्जी मिळाली नाही, स्ट्रेसमध्ये आहेत, थोडं थांबा. सेलला स्ट्रेस म्हणजे काय होतं नक्की? आणि हृदयातलं एवढं रक्त किडनीला जातं म्हणतात, मग तिलाच कमी कसं पडलं?

उत्तर: शेवटचं आधी घेतो, कारण खरी गोम तिथंच आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं साधारण पाचवा हिस्सा किडन्यांना जातं हे बरोबर, पण त्यातलं बरंचसं बाहेरच्या थरातच फिरतं, आतल्या भागाचं ऑक्सिजन चांगल्या दिवशीसुद्धा हातातोंडाशी गाठ असतं. आणि काम बघा, दिवसाला १८० लिटर पाणी गाळायचं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात ओढून घ्यायचं. हे ओढायचं काम किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी करतात, त्यांच्या बुडाशी, म्हणजे रक्ताच्या बाजूला, सोडियमचे पंप असतात, एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) खर्चला की ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, चोवीस तास हेच. त्यात नळीच्या पहिल्या वळणाच्या पेशी जवळजवळ सगळी ऊर्जा फॅट जाळून काढतात, ऑक्सिजनशिवाय साखरेवर भागवायची त्यांना फारशी सोय नाही, म्हणून रक्त कमी झालं की पहिला फटका यांनाच.

एटीपी संपत आला की पेशीतला एएमपीके नावाचा एन्झाइम जागा होतो, नवीन काही बांधायचं बंद करतो, जुनं मोडून जाळायला लावतो. तरी नाही भागलं तर पंप मंदावतात, सोडियम आत साचतं, मागोमाग पाणी, पेशी फुगते. आतला सांगाडा ढिला पडला की बुडाचे पंप चक्क वरच्या बाजूला सरकतात, म्हणजे जे आहेत तेही चुकीच्या जागी! वरची ब्रशसारखी झालर गळते, काही पेशी सुटून नळीतच अडकतात. लघवी मायक्रोस्कोपखाली बघितली तर मातकट तपकिरी नळकांडी दिसतात ना, ती हीच.

आता लघवी कमी का? मीठ परत ओढलं गेलं नाही की ते पुढं जातं, पुढच्या पेशी ते ओळखतात आणि गाळणीकडं येणारी रक्तवाहिनी आवळायला लावतात. गाळायचंच कमी, म्हणजे ओढायचंही कमी. त्यामुळं मी तरी याला नुसतं फेल होणं म्हणणार नाही, त्यात थोडी काटकसर पण आहे, अर्थात ती फार लांबली तर नुकसानच. (अशा वेळी मनानं पेनकिलर घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचं रक्त अजून कमी करतात.)

वाचलेल्या पेशी मग आपलं रोजचं काम सोडून, परत कच्च्या होऊन, वाढतात आणि उघडी पडलेली जागा भरतात. यात दिवस जातात, कधी आठवडे. आणि नव्या पेशींना लगेच पाणी ओढता येत नाही, त्यामुळं मध्ये एकदम भरपूर, पातळ लघवी सुरू होऊ शकते. घरचे तेव्हा बरं वाटून निवांत होतात, पण त्याच दिवसांत पाणी, सोडियम, पोटॅशियम रोज बघावं लागतं, तेवढं डॉक्टरांना आठवणीनं विचारा.