रोहू वाचला, झिंगा मेला: शेततळ्यातील औषधांबाबत सल्ला

प्रश्न: शेततळ्यात कटला-रोहूबरोबर गोड्या पाण्यातील झिंगा सोडला होता. माशांवर उवा दिसल्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक टाकले. मासे सुधारले, पण झिंगे मेले. दुकानदार झिंग्याचे बीज (सोडलेली पिल्ले) खराब होते म्हणतो आणि आता दुप्पट बीज सोडायला सांगतो. काय करावे?

उत्तर: दोष बीजाचा नव्हे, औषधाचा दिसतो. रोहू हा पाठीचा कणा असलेला मासा आहे, तर झिंगा हा कवचधारी प्राणी नात्याने कीटकांच्या जवळचा असल्यामुळे किडीची मज्जासंस्था बिघडवणारे औषध माशाला सोसेल इतक्या कमी मात्रेतही झिंग्याला मारते. मात्रा वाढली असती तर मासेही गेले असते. तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी टाकतात त्या मोहाच्या पेंडीची गोष्ट नेमकी उलट आहे: तिच्यातील सॅपोनिन हे द्रव्य माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते, आणि झिंग्याला अशा पेशीच नसल्याने तो ती बराच सहन करतो. म्हणून एकासाठी आणलेले औषध दुसऱ्याला चालेल, असे कोणीही सांगितले तरी मानू नये.

झिंगा असलेल्या तळ्यात कोणतेही कीटकनाशक टाकू नका, अगदी थोडेसुद्धा नाही. शेजारच्या पिकावर फवारणी केल्यानंतर शेतातील पाणी तळ्यात येऊ देऊ नका, आणि फवारणीचा पंप तिथे धुऊ नका. उवांसाठी दाटी कमी करावी व पाण्यात बांबूच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. उवा त्यांवर अंडी घालतात, म्हणून पट्ट्या दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवाव्यात.

दुप्पट बीज तर मुळीच सोडू नये. कात टाकल्यावर झिंगा मऊ पडतो आणि दाटीत त्याचेच भाऊबंद त्याला खातात. दर गुंठ्याला १०० ते १५० झिंगे आणि २५ ते ३० कटला-रोहू बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले) पुरेशा आहेत. मृगळ व सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे तळाशी चरून झिंग्याचे खाद्य खातात, म्हणून ते वगळावेत. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि झिंगा तळाशी, हीच जोडी मी आग्रहाने सुचवतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात लपण्यासाठी पाइपचे तुकडे किंवा जुनी जाळी टाकावी, आणि झिंगा रात्री चरत असल्याने त्याचे खाद्य मुख्यतः सायंकाळी द्यावे. अंडी असलेल्या झिंग्याच्या माद्या विकत घेतल्या की तळ्यातच बीज तयार होईल, असे कोणी सांगितले तर तेही खोटे आहे, कारण पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागते.

 

सध्या घाई करू नका. हे औषध गाळाला चिकटून राहते. शक्य तितके पाणी बदलावे, गाळ उपसावा. थंडी तोंडावर असेल तर हंगाम सोडून द्यावा, कारण गार पाण्यात झिंगा वाढत नाही. पुढील पावसाळ्यात तळ्यात तळापर्यंत पोहोचणारी बारीक जाळीची पेटी बांधून तीत आठ-दहा झिंगे दोन दिवस ठेवावेत, आणि ते सगळे जगले तरच उरलेल्या बीजाची मागणी नोंदवावी.