एका मनोऱ्यावर घुमट का नाही?

प्रश्न : अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉन शहराजवळचं सान हाविएर देल बाक हे स्पॅनिश काळातलं चर्च पाहून आलो. पांढरंशुभ्र, देखणं, पण उजव्या हाताच्या मनोऱ्यावर घुमटच नाही. बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, बांधकाम पुरं झालं की राजाला कर द्यावा लागे, म्हणून मुद्दाम अर्धवट ठेवलं. हे खरं का? आणि हा हाविएर म्हणजे गोव्याचा झेवियरच ना? तो तिकडे कसा पोचला?

उत्तर : आधी झेवियर. हो, तोच. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारलेला आणि जुन्या गोव्यात विसावलेला. अमेरिकेत त्याने कधी पाऊल टाकलं नाही. त्याचं नाव तिथे नेलं एउसेबिओ फ्रान्सिस्को किनो या जेझुइट (कॅथलिक साधूंच्या एका संघातल्या) पाद्रीने. हा उत्तर इटलीतला. तरुणपणी जिवावरच्या दुखण्यातून उठला, ते श्रेय त्याने झेवियरला दिलं आणि स्वतःच्या नावात ‘फ्रान्सिस्को’ जोडून घेतलं. जायचं होतं चीनला, धाडलं मेक्सिकोला. १६९२ मध्ये तो सांता क्रूझ नदीकाठी ओओधम या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत पोचला. वस्तीचं नाव ‘वाक’. स्पॅनिश तोंडात त्याचं ‘बाक’ झालं आणि पुढे संताचं नाव लागलं.

तुम्ही पाहिलेली इमारत मात्र किनोची नव्हे. त्याने १७०० साली पाया घातला होता, पण ते चर्च उभंच राहिलं नाही. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे साधू आले. आजचं चर्च त्यांच्या अमदानीतलं, १७८३ ते १७९७ या काळातलं.

आता मनोरा. कराची गोष्ट मीही ऐकली आहे. गवंडी वरून पडून मेला म्हणून काम थांबलं, अशीही एक सांगतात. मला दोन्ही पटत नाहीत. हिशेबाकडे पाहा : काम काढणाऱ्या वेल्देर्राईन पाद्रीने एका पशुपालक जमीनदाराकडून ७,००० पेसो उसने घेतले, आणि तारण काय, तर अजून न पेरलेला गहू! वेल्देर्राईन १७९० मध्ये वारला. त्याच्यामागे ल्योरेन्स पाद्रीने काम रेटत नेलं. अशा उधारीवर चाललेल्या बांधकामात शेवटचा घुमट राहून गेला तर नवल कसलं? माझ्या नोकरीची तीस वर्षं जुन्या इमारतींच्या डागडुजीत गेली. पैसे संपले की परांची उतरते, एवढं मी छातीठोक सांगते.

हे चर्च ‘स्पॅनिशांनी बांधलं’ असं आपण सहज म्हणून जातो. आराखडा, देवदूत, सोनेरी वेदी हे सगळं त्यांचं, पण विटा वाहणारे आणि चुना कालवणारे हात ओओधमांचे. मोठ्या तुळया निघतील अशी झाडं त्या वाळवंटात जवळपास नाहीत. म्हणून छतसुद्धा भाजक्या विटांच्या कमानी-घुमटांचं केलं. १८२१ नंतर मुलूख मेक्सिकोचा झाला, १८५४ मध्ये अमेरिकेने विकत घेतला. मधली काही वर्षं चर्चला पाद्रीच नव्हता. आजही ते ओओधमांच्या राखीव भूमीवर आहे आणि तिथे नेमाने प्रार्थना होते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी गिलाव्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. विसाव्या शतकात भिंतींवर सिमेंट थापलं गेलं. वरून टणक, आतून घात. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आतली वीट भुसभुशीत होते आणि चित्रांचे पोपडे निघतात. ते खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, आणि त्यात फड्या निवडुंगाचा चिकट रस घातला. चुना त्याने धरून राहतो, पाणी आत शिरत नाही, भिंत मात्र श्वास घेते. १९९२ पासून आतल्या चित्रांची सफाई झाली, तेव्हा युरोपातून आलेल्या तज्ज्ञांच्या हाताखाली ओओधम तरुणही शिकून तयार झाले. ही गोष्ट मला घुमटापेक्षा मोठी वाटते.

आत डाव्या बाजूला झेवियरची आडवी मूर्ती आहे. भाविक तिचं डोकं हलकेच उचलून पाहतात, नवस फेडायला धातूचे छोटे हात-पाय टाचतात. गंमत अशी की ती मूळची थडग्यातल्या येशूची असल्याचं मानतात. त्याच भागातलं टुमाकाकोरीचं मिशन (पाद्र्यांचं धर्मप्रसाराचं ठाणं) ओस पडल्यावर इकडे आली आणि झेवियर होऊन बसली.

तुमच्या फोटोत दर्शनी भागाचा वरचा तुकडा कापला गेलाय. परत गेलात तर तिथल्या नक्षीत एका बाजूला मांजर आणि समोर उंदीर शोधा. मांजराने उंदीर पकडला की जग बुडेल, असं तिथले लोक सांगतात. दोघं अजून आपापल्या जागी आहेत.