फ्रीफॉर्म जाकिटाचा लाल रंग उतरला, पाठ आवळली: काय करता येईल

खानापूरच्या ताई, तुमच्या पोस्टमधलं दुकानदाराचं ‘तुम्ही धुतलंच कसं?’ हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मलाही ते ऐकावं लागलंय, जवळजवळ याच शब्दांत. ज्यांनी पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी: उरलेल्या आणि सुट्या घेतलेल्या दोऱ्यांचं फ्रीफॉर्म (म्हणजे ठरलेला नमुना न पाळता वेगवेगळे तुकडे विणून जोडलेलं) जाकीट, पहिल्याच धुण्यात लाल पट्ट्याचा रंग शेजारच्या ऑफव्हाइटवर उतरला, पाठीचा मधला तुकडा आवळला आणि त्याच्याभोवती फुगे आले. टाके उचलणं, तुकडे जोडणं तुम्हाला छान येतं, फोटोत दिसतंय. त्यात शिरत नाही.

जाकीट अजून ओलं असेल तर वाळू देऊ नका, आणि इस्त्री तर अजिबात नको. मोठ्या बादलीत भरपूर कोमट पाणी, त्यात चमचाभर पातळ डिटर्जंट, जाकीट नुसतं बुडवून वीसेक मिनिटं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. पाणी लाल झालं की बदलायचं, पण नवीन पाणीही तेवढंच कोमट हवं. गरमातून एकदम गारात घातलं की खरी लोकर आणखी आवळते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. ऑफव्हाइट दोरा ॲक्रिलिक असेल तर बराचसा लाल निघून जाईल, कारण लाल दोरा सुती असला तर त्याचा रंग ॲक्रिलिकला धरत नाही. तो लोकरीचा असेल तर गुलाबी झाक राहणार असं धरून चाला. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका, क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते.

मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवा असा सल्ला तुम्हाला मिळेलच. मीठ आणि आम्ल यांचं काम रंगवताना असतं. व्हिनेगर लोकर-रेशमावर आम्ल रंग चढवताना लागतं, तेही उकळीजवळच्या तापमानाला. सुती दोऱ्यावर न बसलेला जादा रंग गार पाण्यात व्हिनेगर ओतून पक्का होत नाही. तो धुऊन काढूनच टाकावा लागतो, आणि तेही विणायच्या आधी, लडीत असताना.

आवळलेला तुकडा पूर्ववत होणार नाही. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून त्याचा नमदा झालाय. पण नमदा झालेला तुकडा कापला तरी उसवत नाही, एवढी एक सोय आहे. भोवतीचा जोड उसवा, तुकडा काढून घ्या, कडेचे टाके सुईवर उचलून तिथे नवीन तुकडा विणा. गार्टर (सगळ्या ओळी सुलट) असेल तर दर दोन ओळींमागे एक टाका, सुलट-उलट ओळींचं असेल तर चार ओळींमागे तीन. फ्रीफॉर्मचा फायदा हाच की एक तुकडा बदलला तर कुणाला कळत नाही. काढलेल्या तुकड्याचा खिसा करा.

आता मूळ दुखणं. तुमची धुण्याची पद्धत चुकली असं मला वाटत नाही. दोरा विकताना तो कशाचा आहे हे सांगायची जबाबदारी कुणीच घेत नाही, हा खरा घोळ. आपल्याकडे सुट्या लोकरीचा व्यवहार कसा चालतो बघा की. लेबल काढून टाकलेले गुंडे एका मोठ्या पिशवीत, तराजूवर वजन, आणि विचारलं की ‘प्युअर लोकर आहे, मॅडम’. ज्या दुकानाशी माझं वाजलं त्याचं नाव घेत नाही. तिथे लाल ‘लोकर’ म्हणून मिळालेला दोरा जाळून पाहिला तर कागदासारखा जळला, म्हणजे सूत किंवा व्हिस्कोस (रेयॉन). तक्रार घेऊन गेलं तर पहिला प्रश्न बिल कुठाय. सुट्या मालाला बिल देत नाहीत, हे त्यांनीच घेताना सांगितलं होतं! मग म्हणे सोडा वापरला असेल, मग म्हणे कडक उन्हात वाळवलं असेल, आणि शेवटी म्हणे रंगवणाऱ्याला विचारा. दोऱ्याचे पैसे तर गेलेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे विणण्यात गेलेला वेळ, आणि त्याचा तर कुणी हिशोबच धरत नाही. तेव्हा लेबल आणि लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या मालाचा क्रमांक) असलेला गुंडा दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्या, लेबल वहीत चिकटवा, शेजारी हातभर दोरा बांधून ठेवा. सुटा घ्यायचाच असेल तर तो काहीही असू शकतो असं समजून घ्या. (सगळेच दुकानदार असे नसतात. बेळगावच्या खडे बाजारात गुंडा उघडून दाखवणारेही आहेत.)

जाळून बघायची रीत: बोटभर दोरा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी. लोकर आणि रेशीम जळत्या केसांचा वास देतात, ज्योत काढली की विझतात, राख चुरगळते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे भराभर जळतात, राख मऊ राखाडी. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि काळा कडक मणी राहतो. मिश्र दोऱ्यात दोन्ही लक्षणं दिसतात, तिथे अंदाजच. मी काही टेक्स्टाइलवाली नाही, पण कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

रंगाची परीक्षा त्याहून सोपी. दोरा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळा, थोडं साबणाचं कोमट पाणी, वर वजन, अर्धा तास. फडक्यावर रंग आला तर पूर्ण लडी चार ठिकाणी सैल बांधून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग १० सेंटिमीटरचा चौकोन विणा, त्यात लाल आणि पांढरा मुद्दाम शेजारी, आणि जाकीट जसं धुणार तसाच तो धुवा. धुतल्यावर एका दोऱ्याचा भाग ५ मिलिमीटर आवळला तर किरकोळ वाटतं. ५० सेंटिमीटरच्या पाठीत तो अडीच सेंटिमीटर होतो, म्हणजे तुमचे फुगे.

सूत पहिल्या धुण्यातच बरंचसं आटतं, त्यामुळे लडी आधी धुतली की प्रश्न मिटतो. साध्या लोकरीचं तसं नाही. ती प्रत्येक रगडण्यात थोडी थोडी आवळत राहते, म्हणून ती ज्या कपड्यात आहे तो कायम हातानेच धुवायचा. ॲक्रिलिक आटत नाही, पण गरम इस्त्री लागली की कायमचं ढिलं पडतं. लोकर दाबून सारखी करायला जाल आणि शेजारचं ॲक्रिलिक लोंबायला लागेल. मिश्र कपडा ओला करून, चादरीवर टाचण्या लावून, तसाच वाळवायचा.

बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांकडचे उरलेले कोन (शंकूवर गुंडाळलेले बारीक धागे) पुष्कळ जणी वापरतात, रंग सुंदर असतात. चार ते सहा धागे एकत्र धरावे लागतात, पण थेट कोनांवरून विणू नका. आधी सगळे मिळून एक गुंडा करा, नाहीतर एक धागा सैल राहून टाक्याबाहेर लोंबतो. हा दोरा निसरडा, शेवटाची टोकं १५ सेंटिमीटर ठेवून तीन दिशांनी ओवा. सोबत एक पदर लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा धरला तर पकड येते. धनगरांकडची काळी दख्खनी लोकर खरखरीत, ती गळ्याशी नको. घोंगडीच्या ताण्यातली उरलेली असेल तर तिला चिंचोक्याची खळ असते, भिजवून धुतल्याशिवाय सुईवर घेऊ नका.

वजनाचंही बघा. सुती आणि मखमली दोरे खाली घेराला आले की खांदे ओढले जातात. खांद्याच्या शिवणीवर आतून सुती फीत शिवा. तुमच्या जाकिटाला ती दिसत नाही, आता उसवताच आहात तर घालून टाका.

रंगसंगती तुमची चांगली आहे, फक्त लाल आणि गडद हिरवा ब्लॅक अँड व्हाइट फोटोत एकसारखे दिसतील. तिथे फिकट काहीतरी मध्ये हवं. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका.

तुमच्याकडच्या पावसात हे सगळं धुणं काढू नका. वाळायला दिवस लागतात, कुबट वास बसतो, नीट न वाळवता ठेवलेल्या लोकरीला कसर लागते. दुरुस्तीचा तुकडा विणून ठेवा, शेवटचं धुणं ऊन पडल्यावर. उसवायच्या आधी आवळलेल्या भागाचा मागच्या बाजूने जवळून फोटो टाका, आणि लाल दोऱ्याचा तुकडा जाळून काय झालं तेही लिहा. म्हणजे लाल पट्टा ठेवायचा की काढायचा ते सांगता येईल.