सराउंड डिस्क घरात वाजवताना : खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भुसावळ) : एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा बारीक नोंदीची डिस्क) वाजवणारा प्लेअर घेतला, पाच स्पीकर आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) जोडला. डिस्क वाजते, पण आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून येतो. डिस्क खराब आहे का?

उत्तर : डिस्क बहुतेक चांगलीच असणार. तुम्ही नकळत तिचा सीडीचा थर ऐकताय. बाजारातल्या बऱ्याच एसएसीडी हायब्रिड असतात : एक थर साध्या सीडीचा, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा, दुसरा डीएसडीचा (एसएसीडीची एक-एक बिटाची नोंद), सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० नमुन्यांचा. सराउंड, म्हणजे पुढच्या-मागच्या सगळ्या स्पीकरचा वेगवेगळा आवाज, असतो तो या दुसऱ्या थरात, आणि तोही प्रत्येक डिस्कवर नसतो. म्हणून आधी मागच्या कव्हरवर ‘मल्टी-चॅनल’ छापलंय का ते पाहा. असेल तर प्लेअरच्या मेनूत एसएसीडीचा थर आणि त्यातलं मल्टी-चॅनल निवडा. काही प्लेअरमध्ये हे डिस्क थांबवल्यावरच बदलता येतं.

मग मागची वायर बघा. ऑप्टिकल वायर असेल तर तीच काढा. एसएसीडीचा मूळ सिग्नल त्या वायरीतून बाहेर पडतच नाही. एचडीएमआय वापरा, आणि वायर प्लेअरमधून थेट रिसिव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरला) न्या. आधी टीव्हीत आणि तिथून साध्या एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच परत पाठवायची सोय) रिसिव्हरला, असा वळसा घेतला तर अनेक चॅनलचा पीसीएम (सीडीवर असते तशी न दाबलेली डिजिटल नोंद) पोचत नाही. त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागते.

प्लेअर ‘डीएसडी की पीसीएम’ असं विचारेल. मी घरच्या मांडणीसाठी पीसीएम सांगतो. बरेच रिसिव्हर डीएसडी थेट वाजवताना स्पीकरचं अंतर आणि सबवूफरची वाटणी (कुठला खर्ज सबवूफरकडे पाठवायचा ते) लावत नाहीत. मग खर्ज पातळ होतो आणि दोष मात्र डिस्कवर जातो. दोन्ही लावून ऐका, कान सांगतील ते ठेवा.

प्रश्न (धुळे) : माझ्या जुन्या प्लेअरला एचडीएमआय नाही, मागे सहा आरसीए जॅक (गोल पिनांचे) आहेत. चालेल का?

उत्तर : उत्तम चालेल, रिसिव्हरला तसेच सहा ‘मल्टी-चॅनल इन’ हवेत. एकेक पिन लावा, एकेक स्पीकर ऐका, मग पुढची. डावं-उजवं उलटं झालं तर पुढे शोधत बसावं लागतं. या मार्गाने आलेल्या आवाजाला बहुतेक रिसिव्हर हात लावत नाहीत, तो थेट व्हॉल्यूमकडे जातो. म्हणून स्पीकर लहान की मोठा आणि अंतर किती, हे प्लेअरमध्येच भरावं लागतं. काही जुन्या प्लेअरमध्ये ही अंतरं एसएसीडीला लागूच होत नाहीत. तसं असेल तर टेप घ्या आणि पाचही स्पीकर बसायच्या जागेपासून सारख्या अंतरावर सरकवा. आवाजाला एक फूट कापायला मिलिसेकंदापेक्षा जरा कमी वेळ लागतो. मागचा स्पीकर चार फूट जवळ असला तर त्याचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी येतो आणि सूर मागे ओढला जातो. सबवूफर दबलेला वाटला तर रिसिव्हरमध्ये त्या इनपुटसाठी १० डेसिबल वाढवायची सोय आहे का पाहा.

प्रश्न (शहादा) : हॉल १० बाय १४ चा, खाली शहाबादी, भिंती उघड्या. मागचे स्पीकर कुठे?

उत्तर : मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नकोत. नाकासमोरची दिशा शून्य धरली, तर पुढचे दोन ३० अंशांवर आणि मागचे १०० ते ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर दोन-तीन फूट पुढे घ्या. घरातले कुरकुरतील, पण फरक मोठा आहे. शहाबादी आणि उघड्या भिंतीत टाळीसुद्धा झणझणते. सोफ्यासमोर जाड सतरंजी पसरा, बाजूच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगा. आपल्याकडच्या चार पदरी गोधडीसारखी वस्तू विकत मिळणार नाही. तिने तीव्र सूर शांत होतात; खर्जाचा घुमारा मात्र जात नाही, त्यासाठी सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा.

प्रश्न (यावल) : मे महिन्यात रिसिव्हर मध्येच बंद पडतो.

उत्तर : बाहेर ४५ अंश आणि रिसिव्हर काचेच्या शोकेसमध्ये, म्हणून तो स्वतःला वाचवतोय. बाहेर काढा, वर अर्धा फूट मोकळं ठेवा, त्याच्यावर प्लेअर रचू नका. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर हवाच. कूलरचा घुमारा हळुवार जागा गिळतो, म्हणून ऐकायची वेळ रात्री दहानंतरची, कूलर बंद करून.

प्रश्न (अमळनेर) : डीव्हीडी-ऑडिओ डिस्क (डीव्हीडीवर बारीक नोंदीची गाणी) साध्या डीव्हीडी प्लेअरवर वाजेल?

उत्तर : बहुतेक वाजेल. अशा बऱ्याच डिस्कवर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा (सिनेमाच्या डीव्हीडीवर असतो तसा दाबलेला आवाज) वेगळा ट्रॅक असतो, तो वाजतो आणि सराउंडही मिळतो. पण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा मूळ सराउंड ऐकायला डीव्हीडी-ऑडिओचं चिन्ह असलेला प्लेअरच लागेल. जुना घेताना आपली डिस्क सोबत न्या आणि दुकानातच पूर्ण वाजवून बघा. लेन्स थकली असेल तर ती शेवटच्या गाण्यांवर अडखळते.