वाचक विचारतात : ‘फाइंडिंग मिस्टर डेस्टिनी’ आवडला, म्हणजे काही चुकलं का?

प्रश्न : गोष्ट दहाव्या मिनिटाला कळली, योगायोग तर पोत्याने. तरी हा कोरियन सिनेमा शेवटपर्यंत हसत पाहिला. मैत्रिणी म्हणतात, टाकाऊ आहे. त्यात नक्की काय आवडलं असेल? – वाचक, नागपूर

उत्तर : मैत्रिणी दाखवतात ते दोष आहेतच. नोकरी गेलेला गी-जून (गाँग यू) लोकांचं पहिलं प्रेम शोधून देणारी कचेरी थाटतो. त्याची पहिली गिऱ्हाईक म्हणजे जी-वू (इम सू-जंग). दहा वर्षांपूर्वी भारतात भेटलेला किम जोंग-वूक शोधायचा आहे आणि हाती जवळपास फक्त नाव. शेवटी कोणाचं कोणाशी जुळणार, हे पोस्टरवरच दिसतं आणि सिनेमा ते लपवायच्या फंदातही पडत नाही. पाहण्यासारखं वेगळंच आहे : तो माणूस तिला सापडायला तरी हवा आहे का? गोष्टी शेवटापर्यंत न्यायची या मुलीला धास्ती आहे. ते लक्षात ठेवून पाहा, म्हणजे तिची टाळाटाळ निव्वळ लाडिकपणा वाटत नाही.

आता ढिसाळपणाबद्दल. दिग्दर्शिका जांग यू-जंग यांनी २०१० चा हा सिनेमा आपल्याच २००६ च्या संगीतिकेवरून केला. रंगमंचावर नट तीनच : नायिका, नायक आणि उरलेली वीसेक पात्रं एकट्याने करणारा तिसरा. टोपी बदलून तोच पुन्हा आला की प्रेक्षागृहात हशा पिकायचा. सिनेमात त्या भूमिका वेगवेगळ्या नटांकडे गेल्या. गंमत होती ती एकाच माणसाच्या धावपळीत, तीच गेली आणि एकापुढे एक ठेवलेल्या भेटीगाठी तेवढ्या उरल्या. मधला भाग सैल पडतो तो म्हणूनच.

रंगमंचावरची एक युक्ती मात्र टिकली. आठवणीतला जोंग-वूकही गाँग यूच आहे. इकडे चापूनचोपून भांग पाडलेला, नियमांवर बोट ठेवणारा माणूस. तिकडे सैल चालीचा प्रवासी. ‘तिला चेहरा ओळखू कसा येत नाही?’ असं विचारू नका. ती दृश्यं तिच्या आठवणीतली आहेत आणि आठवणीतल्या माणसाला कुठलाही चेहरा चालतो.

शोध अगदीच अशक्यही नाही, तसा सोपाही नाही. दक्षिण कोरियात साधारण पाचातला एक माणूस किम आडनावाचा. त्यामुळे एका नावाची अनेक माणसं निघणं हा तिथे रोजचा व्यवहार आहे, पटकथेची मखलाशी नव्हे.

प्रश्न : जोधपूर पाहून बरं वाटलं, पण आपली माणसं कुठेच नाहीत. हे खटकणं बरोबर आहे ना? – वाचक, जळगाव

उत्तर : अगदी बरोबर. मेहरानगडाच्या पायथ्याची निळी वस्ती खरी आहे, पण इथे ती प्रेमिकांमागचा पडदा झाली आहे. दहा वर्षं जपलेल्या आठवणीत धूळ आणि रिक्षावाल्याशी घासाघीस उरत नाही, असा बचाव करता येईल. तो आम्हाला अर्धाच पटतो. रंग मात्र डोळ्यांत भरतात, हेही कबूल.

प्रश्न : मधे कंटाळा येतो. पळवत पाहू का? आणि डबिंग चालेल का? – वाचक, दुबई

उत्तर : पळवायचंच तर निरनिराळ्या जोंग-वूकांना गाठण्याचे प्रसंग पळवा. नाट्यगृहात पडद्यामागे जी-वू काम करते ती दृश्यं सोडू नका, तिचा स्वभाव तिथेच कळतो. डबिंग टाळा. आदरार्थी बोलणारे दोघं हळूहळू मोकळं बोलू लागतात, ते मूळ आवाजातच जाणवतं. आपल्याकडे ‘अहो’वरून ‘अरे’वर यावं, तसं. आणि दोन बैठकांत पाहू नका. दुसऱ्या दिवशी उत्साह ओसरलेला असतो आणि नेमके योगायोगच आधी डोळ्यांत खुपतात.

प्रश्न : याच जातीचा आणखी एक सुचवा. – वाचक, मिरज

उत्तर : क्वाक जे-याँग यांचा २००१ चा ‘माय सॅसी गर्ल’. इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलेल्या मजकुरावरून तो घेतला आहे, म्हणून पूर्वार्ध सुट्या किश्श्यांचा आहे आणि तोच उत्तम जमला आहे. सामन्यासारखे तीन भाग आहेत : पूर्वार्ध, उत्तरार्ध, जादा वेळ. जादा वेळेत सगळा भार योगायोगावर येतो. नायिका नायकाला चोपते त्यावर आज तेवढं हसू येत नाही. जुन जी-ह्युनच्या चेहऱ्यावर क्षणात रडू आणि दरडावणी येते, त्यावर मात्र येतं. याची हिंदी आवृत्ती, ‘अग्ली और पगली’ (२००८), आधी पाहिली असेल तरी बिघडत नाही.