ध्वनितंत्राचे शिक्षण : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात संगीत तंत्रज्ञान आणि ध्वनिमुद्रण यांच्या शिक्षणाविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली असून त्यांतली निम्मी तरी ‘कोणता माईक घ्यावा’ एवढेच विचारणारी आहेत. शिक्षणाला धरून असलेली चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला. गेली तीन वर्षे तो गावातल्या मंडपवाल्याबरोबर दशावतारी नाटके आणि डबलबारी भजनांना (दोन बुवांचा आळीपाळीने चालणारा भजनाचा सामना) साऊंड लावायला जातो. आता त्याला ऑडिओ प्रॉडक्शन रीतसर शिकायचे आहे. कॅलिफोर्नियातला त्याचा मामेभाऊ ‘इथल्या कम्युनिटी कॉलेजात ये’ म्हणतो. मुंबईच्या एका खासगी संस्थेने फी लाखांत सांगितली. आमची हापूसची कलमे आहेत, पण एवढा खर्च आम्हाला एकदाच झेपेल. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमके काय, आणि हा विषय तिथे शिकण्यात अर्थ आहे का? (एक पालक, देवगड तालुका)

उत्तर : नाव एक असले तरी दोन देशांत त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि आपल्या घरातल्या चर्चेत ते दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत, असे पत्रावरून दिसते. अमेरिकेत ही मुख्यतः सार्वजनिक, दोन वर्षांची महाविद्यालये आहेत. साधारण ६० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराची एकके, पूर्ण केल्यावर असोसिएट पदवी मिळते आणि पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट मोकळी होते. प्रवेशाची चाळणी फारशी नसते, आणि नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलाशेजारी चाळिशीतला, नोकरी सांभाळून शिकणारा वादकही वर्गात बसलेला असतो. ऑडिओच्या विद्यार्थ्याला तिथे डिजिटल ध्वनीची मूलतत्त्वे, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे), सिंथेसायझर, कार्यक्रमाचा साऊंड आणि कान तयार करण्याचा अभ्यास असे विषय मिळतात. पदवी हवी असेल तर इंग्रजी, गणित, समाजशास्त्र यांचे क्रेडिटही भरावे लागतात.

हे सारे चांगले आहे. पण ते स्वस्त आहे ते तिथल्या रहिवाशाला. परदेशी विद्यार्थ्याला त्याच क्रेडिटसाठी कित्येक पट फी पडते, घरभाडे निराळे, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात महाविद्यालयाच्या आवाराबाहेर नोकरी करता येत नाही. आवारातले काम मिळाले तरी सत्र चालू असताना ते आठवड्याला २० तासांच्या आतच ठेवावे लागते. मामेभावाचा सल्ला प्रेमाचा आहे, मात्र त्याचा हिशेब त्याच्या घरचा आहे.

आपल्याकडे पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली पहिले कम्युनिटी कॉलेज सुरू केले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ च्या सुमारास अशा महाविद्यालयांची योजना आणली. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, एक वर्षाची पदविका, दोन वर्षांची प्रगत पदविका आणि त्याच धर्तीवर तीन वर्षांची बी. व्होक. (व्यावसायिक शिक्षणाची) पदवी, अशा तिच्या पायऱ्या आहेत. योजनेत साधारण ६० टक्के भार कौशल्याच्या विषयांना आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाला होता. कल्पना उत्तम, परंतु या चौकटीत पर्यटन, संगणक, किरकोळ विक्री असे विषय जितके सहज सापडतात तितका ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम सापडत नाही, आणि त्यासाठी कोकणातल्या मुलाला बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामधला ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मान्यवर आहे, पण तो पदवीनंतरचा आहे. बारावीवर तिथे दार उघडत नाही.

माझे मत विचाराल तर यंदा अमेरिका नको. जवळच्या महाविद्यालयात पदवी चालू ठेवावी, जत्रांचा हंगाम सोडू नये, आणि एक वर्षाच्या आतला एखादा हातांना काम देणारा अभ्यासक्रम मुंबईत किंवा पुण्यात करावा. संस्था निवडताना स्टुडिओचे फोटो पाहून भुलू नये. एका वर्गात मुले किती, कन्सोल (आवाज जुळवण्याची टेबले) किती, वर्गाबाहेर स्टुडिओ किती तास मिळतो, आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत प्रत्येक मुलाने स्वतः किती गाणी पहिल्या माईकपासून शेवटच्या मिक्सपर्यंत पूर्ण केलेली असतात, हे तोंडावर विचारावे. तीस मुले, एक स्टुडिओ आणि दोन तासांचे प्रात्यक्षिक असेल तर एकेकाच्या वाट्याला ४ मिनिटे येतात. उरलेला वेळ पुढच्याच्या खांद्यावरून डोकावण्यात जातो. असे विचारल्यावर ज्या संस्थेचा कारकून गोंधळतो, तिथे पैसे भरू नयेत.

वाणिज्य शाखेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. लागणारे गणित थोडे आहे आणि आपला मुलगा त्यातले बरेचसे रात्रभर उभा राहून शिकलेला आहे. त्याला फक्त त्या गोष्टींची नावे आणि आकडे ठाऊक नाहीत. देवळाच्या पटांगणात मागच्या लोकांसाठी त्याने शेवटाला एक भोंगा लावला असेल, तेव्हा संकासुराचे (दशावतारातल्या पात्राचे) बोलणे तिथे दुहेरी ऐकू आले असेल. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून ३४ मीटरवर तो एक दशांश सेकंदाने पोहोचतो. तारेतून जाणारा संकेत मात्र मागच्या भोंग्यात तत्क्षणी येतो. मागच्या भोंग्याला तेवढाच विलंब दिला की शब्द पुन्हा एकजीव होतात. भोंग्याचा आवाज पुन्हा माईकात शिरून माईक शिट्टी मारतो, त्याचेही असेच गणित आहे : चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी आवाजाची मुभा सुमारे ३ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) घटते, म्हणून डबलबारीत ज्या बुवांची पाळी नाही त्यांचे माईक खाली ओढून ठेवणे हा शिष्टाचार नसून शास्त्र आहे. आणि मंडपवाले ५०० वॅटचा अॅम्प्लिफायर काढून १००० वॅटचा घेऊ म्हणतील, तेव्हा त्यांना सांगता आले पाहिजे की त्याने आवाज दुप्पट होणार नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढेल. कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. हे सारे समजावून देणारा शिक्षक ज्या संस्थेत असेल, ती संस्था लहान असली तरी चालेल.

आणखी एक. ‘पूर्वानुभवाची मान्यता’ या नावाने, आधीच काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांत आहे. तेवढ्याने कोणी स्टुडिओत नोकरी देईल असे नाही, पण पुढे अर्ज करताना तीन वर्षांचे काम कागदावर दिसते.

प्रश्न : अभ्यासक्रमाला जाण्याआधी महागडा लॅपटॉप आणि प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घेणे आवश्यक आहे का? (विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : नाही. ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि कापणे-जोडणे शिकायला पुरेसे आहे. अनेक ट्रॅकचे काम करायचे असेल तर रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस मोफत वापरून पाहता येते आणि नंतरचा व्यक्तिगत परवानाही इतरांच्या मानाने स्वस्त आहे. संस्था प्रो टूल्स शिकवील, कारण मोठ्या स्टुडिओंत ते चालते. पण इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा) एकदा कानाला कळले की पडदा कोणता हे गौण ठरते. हातात पैसे असतील तर आधी कान झाकणारे चांगले हेडफोन घ्या.

प्रश्न : मी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे आणि घरीच गाणे मुद्रित करू इच्छिते. घर चिऱ्याचे, छप्पर कौलारू, खोली दहा बाय दहा फुटांची. भिंतींना फोम लावला तर पावसाचा आवाज थांबेल का? शिवाय ‘सूर सॉफ्टवेअरमध्ये नीट करता येतो’ असे एक मित्र म्हणतात, ते कितपत खरे? (गायिका, गुहागर)

उत्तर : फोमने पाऊस थांबणार नाही. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे आणि खोलीतला घुमारा कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बाजारात पहिल्याचे नाव घेऊन दुसऱ्याचे सामान विकले जाते. आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. चिऱ्याची भिंत ते काम उत्तम करते, कौले मुळीच करत नाहीत. छताखाली जड दुसरे छत घालण्याचा खर्च सोसवत नसेल, तर आषाढ-श्रावणात मुद्रण करू नये. ते दोन महिने आधी मुद्रित केलेले ऐकणे, निवडणे आणि मिक्स करणे यासाठी ठेवावेत. इथल्या शेतीला वेळापत्रक आहे तसे इथल्या ध्वनिमुद्रणालाही आहे.

घुमाऱ्याचा उपाय मात्र घरातच आहे. चौरस खोली ही सर्वांत वाईट, कारण समोरासमोरच्या दोन्ही जोड्यांतले अंतर सारखेच असल्याने त्याच कंपनसंख्या दोनदा उठतात. सुमारे ३ मीटर अंतराला ५७ हर्ट्‌झ आणि तिच्या पटी. खोलीच्या बरोबर मध्यावर उभ्या राहू नका. पाठीमागे दोन-तीन जाड गोधड्या एकत्र करून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर टांगा. कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या उभ्या करा. पातळ फोमपेक्षा हे खूप बरे, कारण फोम फक्त वरचे स्वर खातो आणि आवाज कोंदट करतो.

माईकबाबत : ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माईक बारकावे टिपतो, पण त्याच हौसेने शेजारचा कुत्रा आणि माडांची सळसळही टिपतो. तुमच्या खोलीत चांगला डायनॅमिक माईक (ही वीज न लागणारा, कमी नाजूक) तोंडापासून अर्ध्या वितीवर ठेवून गाणे अधिक शहाणपणाचे. कंडेन्सर घेतलाच तर तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलने रंग बदलला की ते मंद आचेवर सुकवा. माझा एक माईक एका श्रावणात कपाटात उघडा राहिला. गणपतीत बाहेर काढला तेव्हा तो तव्यावरच्या मोहरीसारखा तडतडत होता.

सुराविषयी तुमच्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ही साधने वेगळे काही ठरवून दिले नाही तर सहसा सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात, आणि गायकाचा आवाज त्यांतल्या जवळच्या भागावर ओढून आणतात. भावगीतातला एखादा घसरलेला स्वर त्याने सावरतो. पण दरबारी कानड्यातला आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, कोमल गंधार त्या यंत्राच्या दृष्टीने चूकच असतो, आणि ते तो सरळ करून टाकते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, पायऱ्यापायऱ्यांची होते. सुधारणा एकेका स्वरापुरती, हाताने आणि कमीत कमी करावी. विशारदपर्यंतचा तुमचा रियाज इथे उपयोगी पडेल, कारण कोणता स्वर घसरला आहे आणि कोणता मुद्दाम तसा लावला आहे, हे ऐकून ठरवावे लागते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागातल्या वयस्क बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आणि फुगडीची गाणी मी मोबाइलवर जमवतो आहे. एवढ्यासाठी अभ्यासक्रम करावा का, आणि हा संग्रह कसा टिकवावा? (वेंगुर्ले तालुका)

उत्तर : अभ्यासक्रमाची गरज नाही; वर ज्या मुलाविषयी लिहिले आहे तशा एखाद्याला चार दिवस सोबत न्या, दोघांचेही शिक्षण होईल. मोबाइलमध्ये मुद्रण एमपी-३ ऐवजी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि शक्य असेल तर २४ बिटवर ठेवा. स्टीरिओत तासाला सुमारे १ जीबी जागा लागेल, आजच्या काळात ती फार नाही. आधीची एमपी-३ मुद्रणे वेव्हमध्ये बदलून दर्जा वाढत नाही, कारण एमपी-३ करताना जे गाळले गेले ते परत येत नसते. ती आहेत तशीच जपा.

मुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, गाव, गाणाऱ्या बाईंचे नाव आणि त्यांची संमती तुमच्या व त्यांच्या आवाजात घ्या. कागदाची चिठ्ठी हरवते, फायलीतले बोलणे फायलीसोबत राहते. प्रत्येक फायलीच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, शक्यतो किनाऱ्यापासून दूरच्या नातेवाइकांकडे ठेवा. खाऱ्या दमट हवेत हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐका.

आवाज स्वच्छ करण्याचे सॉफ्टवेअर वापरायचे असेल तर ते प्रतीवर वापरा, मूळ फायलीला हात लावू नका. अखंड चालणारा, एकसारखा आवाज म्हणजे नकोसा आवाज असे ते सॉफ्टवेअर मानते, आणि ओवीमागची जात्याची घरघर ते सर्वांत आधी काढून टाकते.